सीडी आणि बुटाचे खोके वापरून घरच्या घरी वर्णपटदर्शक

एलईडी बल्ब, जुनी ट्यूबलाइट आणि खिडकीतून दिसणारे ढगाळ आभाळ या तिन्हींचा प्रकाश डोळ्याला पांढराच दिसतो. डोळा आलेल्या सगळ्या रंगांची बेरीज करून एकच उत्तर देतो, आणि त्या उत्तरावरून बेरजेतले आकडे ओळखता येत नाहीत. वर्णपटदर्शक ही बेरीज पुन्हा सुटी करून दाखवतो. पाण्याचा ग्लास उन्हात ठेवून भिंतीवर इंद्रधनुष्य पाडणे सोपे असते, पण त्यातून ‘सात रंग दिसले’ यापलीकडे फारसे काही हाती लागत नाही. इथे दिलेले उपकरण दोन-तीन तासांत तयार होते. त्यात मोजपट्टीही असल्यामुळे कोणत्या रंगाची तरंगलांबी किती नॅनोमीटर (मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) आहे हे सांगता येते.

यामागची कल्पना सोपी आहे. सीडीवर मध्यापासून कडेपर्यंत सर्पिल आकाराची एकच वाट कोरलेली असते आणि तिच्या शेजारशेजारच्या दोन वेढ्यांमध्ये सुमारे १.६ मायक्रोमीटर अंतर असते, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये साधारण ६२५ रेघा. इतक्या दाट रेघांमधून जाताना प्रकाश वळतो. ज्याची तरंगलांबी जास्त तो रंग जास्त वळतो: जांभळा सुमारे १५ अंश, लाल सुमारे २५ अंश. लोलकात क्रम उलटा असतो, तिथे जांभळा जास्त वळतो. दोन्ही प्रयोग करणाऱ्यांचा इथे हमखास गोंधळ होतो. लोलकात प्रकाशाचे वक्रीभवन होते, सीडीत विवर्तन.

लागणारे साहित्य

आतून किमान ३० सेंमी लांब, १८ सेंमी रुंद आणि १० सेंमी उंच असे झाकणाचे खोके घ्या. मोठ्या बुटांचे खोके नेमके बसते. एक सीडी लागेल. ती शक्यतो कोरी, रेकॉर्ड करता येणारी असावी, कारण तिचा वरचा थर सहज सोलला जातो. डीव्हीडी घेऊ नका. तिच्यावरच्या वाटा ०.७४ मायक्रोमीटर अंतरावर असल्याने रंग ३३ ते ७० अंशांपर्यंत वळतात आणि या खोक्यात मावत नाहीत. शिवाय तिचा चकचकीत थर दोन चकत्यांच्या मध्ये दडलेला असतो.

याखेरीज रुंद चिकटपट्टी, काळी इन्सुलेशन पट्टी, चमक नसलेला काळा कागद, मिलिमीटरचा आलेख कागद, पेन्सिलीच्या शार्पनरची दोन नवी पाती, कटर, मजबूत कात्री, मार्कर आणि थोडे सर्जिकल स्पिरिट जमवा. कटर आणि पाती मोठ्यांनीच हाताळावीत.

सीडी सोलणे

सीडीचा चकचकीत थर तिच्या छापील बाजूला, अगदी पातळ लाखेखाली असतो. त्या बाजूवर कडेपासून मध्यापर्यंत कटरने एक रेघ ओढा. थर फाटला पाहिजे, पण खालच्या प्लास्टिकमध्ये खोल ओरखडा नको. रेघेवर रुंद चिकटपट्टी घट्ट दाबून बसवा, नखाने घासा आणि एका झटक्यात ओढा. थर पट्टीबरोबर निघून येतो. राहिलेल्या ठिकाणी पुन्हा तेच करा. सगळी सीडी स्वच्छ करायची गरज नाही. कडेकडचा तीन-चार सेंमीचा भाग आरशासारखे डाग न राहता पारदर्शक झाला की पुरे.

रेकॉर्ड करायच्या सीडीवर थर निघाल्यावरही निळसर-हिरवट रंगद्रव्य उरते. ते तसेच ठेवले तर ते वर्णपटातला नारिंगी-लाल भाग खाते आणि दोष दिव्याला दिला जातो. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून हलक्या हाताने पुसा. नेलपॉलिश काढण्याचे ॲसिटोन मात्र चुकूनही वापरू नका, कारण सीडीचे पॉलिकार्बोनेट त्याने पांढुरके होऊन तडकते. सोललेल्या बाजूला बोटही लावू नका. रेघा आता उघड्या पडलेल्या असतात आणि त्यात बसलेले बोटाचे तेल सहज निघत नाही.

कापण्यापूर्वी मार्करने सीडीच्या मध्यातून बाहेर जाणारा एक बाण काढा. ही पायरी क्षुल्लक वाटते, पण तुकडा कापल्यावर त्रिज्येची दिशा डोळ्यांनी ओळखू येत नाही. आता बाहेरच्या कडेजवळचा साधारण ३ सेंमी × ३ सेंमी तुकडा कात्रीने कापा. कापताना कडा तडकतात, म्हणून लागेल त्यापेक्षा मोठाच तुकडा घ्या आणि डोळ्यांवर चष्मा ठेवा. आतल्या वेढ्यांऐवजी बाहेरचा भाग घेण्याचे कारण असे की तिथे वाटेचा बाक कमी असतो आणि वर्णपटातल्या रेषा सरळ दिसतात.

खोक्याची आखणी

खोक्याच्या दोन्ही अरुंद भिंतींपैकी एक तुमच्याकडे आणि दुसरी समोर अशी ठेवा. तुमच्या बाजूच्या भिंतीवर, डाव्या कडेपासून २ सेंमी आत आणि मधल्या उंचीवर ५ मिमी रुंदीचे चौकोनी भोक पाडा. इथून बघायचे आहे. समोरच्या भिंतीवर बरोबर त्याच्या समोर, म्हणजे आतून पाहताना डाव्या कडेपासून २ सेंमीवर, १ सेंमी रुंद आणि २ सेंमी उंच खिडकी कापा. तिच्यावर पुढे चीर, म्हणजे प्रकाश आत येण्याची अरुंद फट, बसेल.

समोरच्या भिंतीवर बाहेरच्या बाजूने काम करताना डावे-उजवे उलटते. भोक आणि चीर विरुद्ध कोपऱ्यांत जाणे ही सर्वांत नेहमीची चूक आहे आणि ती सगळे चिकटवून झाल्यावर लक्षात येते. कापण्याआधी आतून पेन्सिलीने खूण करा.

त्याच भिंतीवर चिरेच्या खालच्या टोकाला लागून मोजपट्टीसाठी आडवी खिडकी कापा. तिची उंची ८ मिमी ठेवा आणि ती चिरेच्या मध्यापासून ७ सेंमीवर सुरू होऊन १५ सेंमीवर संपू द्या. खोक्याच्या आत अंधार असतो, त्यामुळे आत नुसती चिकटवलेली पट्टी दिसतच नाही. ती मागून उजळली पाहिजे. म्हणून खिडकीवर आतून आलेख कागदाची पट्टी लावा. आकडे आतून सरळ वाचता यायला हवेत आणि शून्य चिरेच्या मध्याशी यायला हवे. बाहेरचा प्रकाश कागदातून झिरपतो आणि रेघा वाचता येतात. प्रकाश जास्त येऊन वर्णपट फिका पडला तर बाहेरून आणखी एक-दोन कागद लावा.

उरलेल्या सगळ्या आतल्या भागाला, झाकणालाही, काळा कागद चिकटवा. चकचकीत काळा कार्ड कागद वापरलात तर चिरेतून आलेला प्रकाश त्यावरून परावर्तित होऊन धुरकट पडदा तयार होतो.

चीर: इथे घाई नको

उपकरण कसे चालेल हे नव्वद टक्के चिरेवर ठरते. तुम्हाला दिसणारी प्रत्येक रंगरेषा ही चिरेचीच प्रतिमा असते. चीर १ मिमी रुंद असेल तर प्रत्येक रेषा १ मिमी रुंद होते आणि शेजारच्या रेषा एकमेकींत मिसळतात. मग सगळ्याच दिव्यांचे ‘छान इंद्रधनुष्य’ दिसू लागते आणि त्यांच्यातला फरक नाहीसा होतो.

चीर ०.२ मिमी हवी. ती अंदाजाने साधत नाही, पण छपाईचा साधा कागद साधारण ०.१ मिमी जाड असतो हे इथे कामी येते. एक पाते खिडकीवर उभे ठेवून चिकटपट्टीने पक्के करा. त्याच्या धारेला एकदा दुमडलेला, दोन पदरी कागद उभा टेकवा, दुसऱ्या पात्याची धार कागदाला अलगद भिडवा, ते चिकटवा आणि कागद वर ओढून काढा. दोन धारांमधली फट वरपासून खालपर्यंत सारखी राहते. खिडकीचा उरलेला भाग काळ्या पट्टीने झाका. पाती नको असतील तर काळ्या पट्टीच्या कारखान्यातून आलेल्या सरळ कडा वापरता येतात. कात्रीने कापलेली पुठ्ठ्याची कड मात्र निरुपयोगी, कारण तिचा प्रत्येक तंतू वर्णपटावर आडवी काळी रेघ काढतो.

तुकडा बसवणे

सीडीचा तुकडा बघायच्या भोकावर बाहेरून ठेवा. सोललेली बाजू खोक्याकडे आणि गुळगुळीत बाजू डोळ्याकडे असू द्या. मार्करचा बाण आडवा हवा, म्हणजे भोकासमोरच्या वाटा उभ्या आणि चिरेला समांतर येतात. अजून पक्के करू नका. झाकण लावा, चीर एखाद्या दिव्याकडे करा आणि डोळा तुकड्याला जवळजवळ टेकवून बघा.

समोर डावीकडे पांढरी चीर दिसेल. बरेच जण तिच्याकडेच टक लावून बसतात आणि काही दिसत नाही म्हणतात. खोके न हलवता नजर उजवीकडे वळवा. साधारण २० अंशांवर, मोजपट्टीच्या अगदी वर, वर्णपट उभा असतो: चिरेजवळ जांभळा, दूर लाल. रेषा तिरक्या दिसल्या तर तुकडा किंचित फिरवा. त्या पट्टीला काटकोनात आल्या की काळ्या पट्टीने तुकडा पक्का करा आणि भोवतीच्या फटी बंद करा.

मोजपट्टीचे आकडे

सीडीचा तुकडा आणि चीर यांच्यात बरोबर ३० सेंमी अंतर असेल तर चिरेपासूनची अंतरे अशी येतात:

४०० नॅनोमीटर – ७.७ सेंमी
४५० – ८.८
५०० – ९.९
५५० – ११.०
६०० – १२.१
६५० – १३.३
७०० – १४.६

तुमचे अंतर ३३ सेंमी असेल तर प्रत्येक आकड्याला १.१ ने गुणा, कारण हे प्रमाण सरळ आहे. एखाद्या रेषेचे चिरेपासूनचे अंतर ‘क्ष’ आणि खोक्याची लांबी ‘ल’ सेंटिमीटरमध्ये मोजली असेल, तर तरंगलांबी अशी काढायची: क्ष आणि ल यांच्या वर्गांची बेरीज करा, तिचे वर्गमूळ घ्या, क्षला त्या वर्गमुळाने भागा आणि १६०० ने गुणा. उत्तर नॅनोमीटरमध्ये येते.

तो १६०० मात्र सर्व सीडींचा सारखा नसतो. ठरलेल्या मानकात १५०० ते १७०० पर्यंत सूट आहे, म्हणून आपल्या तुकड्याचा खरा आकडा काढून घ्या. त्यासाठी जुनी ट्यूबलाइट किंवा सीएफएल दिवा उत्तम. त्यात पारा असतो आणि पाऱ्याच्या रेषा ठरलेल्या जागी येतात: निळी-जांभळी ४३५.८ वर आणि हिरवी ५४६.१ वर. हिरवी रेषा ३० सेंमीच्या खोक्यात १०.९ सेंमीवर यायला हवी. ती ११.२ वर दिसली तर आधी अंतर पुन्हा मोजा. ते बरोबर असेल तर सूत्र उलटे चालवा: ५४६.१ ला क्षने भागा आणि त्याच वर्गमुळाने गुणा. हा तुमच्या सीडीच्या दोन वाटांमधला अंतराचा आकडा, नॅनोमीटरमध्ये. पुठ्ठ्याच्या खोक्याने इतकी सूक्ष्म गोष्ट मोजता येते, आणि आमच्या मते या प्रयोगातला सर्वांत देखणा भाग हाच आहे.

एक मिलिमीटर म्हणजे इथे साधारण ४.५ नॅनोमीटर, त्यामुळे वाचनात दोन-तीन नॅनोमीटरची चूक धरून चाला. डोळा भोकासमोर इकडेतिकडे सरकला तरी आकडा बदलतो. भोक ५ मिमी ठेवायचे ते त्यासाठीच.

काय बघायचे

सुरुवात सीएफएलपासून करा, कारण चिरेची परीक्षाही त्यातच होते. नीट पाहिले तर हिरव्या जागी एक नव्हे, दोन रेषा असतात. एक पाऱ्याची, आणि तिच्या डावीकडे सुमारे ५४२ वर नळीच्या आतल्या लेपातल्या टर्बियमची. त्या वेगळ्या दिसल्या तर चीर उत्तम जमली. एकच जाड पट्टा दिसला तर चीर रुंद आहे. सुमारे ६११ वरची ठळक लाल-नारिंगी रेषा लेपातल्या युरोपियमची. मधल्या जागा जवळजवळ काळ्या असतात, आणि तरीही हा दिवा ‘पांढरा’ म्हणून विकला जातो.

एलईडी बल्बमध्ये रेषा नसतात. ४५० च्या आसपास प्रखर निळा, ४८० जवळ एक खोलगट अंधार आणि मग हिरव्यापासून लालपर्यंत पसरलेला रुंद उजेड दिसतो. निळा भाग मूळ एलईडीचा आणि बाकीचा तिच्यावरच्या पिवळ्या लेपाचा. पिवळसर छटेचा बल्ब लावला तर निळा भाग आक्रसतो आणि लाल बाजू भरते. तारेचा बल्ब मिळाला तर तोही पाहा. त्यात ना खड्डा ना रेषा, रंग एकसंध असतात. डिमर असेल तर उजेड कमी करताना आधी जांभळा-निळा विझतो आणि लाल शेवटपर्यंत राहतो.

आता मोबाइलचा पडदा. त्यावर पूर्ण पिवळे चित्र लावा, चमक कमाल करा आणि चीर पडद्याला टेकवा. पिवळ्याच्या जागी, ५७० ते ५९० च्या दरम्यान, उजेड फारच कमी असतो. हिरवा असतो, लाल असतो आणि त्यांची बेरीज डोळा ‘पिवळा’ म्हणून वाचतो. ओएलईडी पडद्यात ही पोकळी स्पष्ट दिसते, साध्या एलसीडीत ती उथळ असते. याच्या शेजारी खरा पिवळा ठेवून बघायचा तर जुन्या लोखंडी चमच्याच्या टोकावर ओले मीठ घेऊन ते गॅसच्या निळ्या ज्योतीत धरा. चमच्याची मूठ कापडात गुंडाळा, खोके ज्योतीपासून अर्धा मीटर लांब ठेवा आणि हे काम मोठ्यांनीच करा. वर्णपटात ५८९ वर, म्हणजे ११.९ सेंमीवर, एकच लखलखीत पिवळी रेषा उजळते. ती सोडियमची. खरे तर त्या दोन रेषा आहेत, ५८९.० आणि ५८९.६, पण या खोक्यात त्या वेगळ्या होणार नाहीत. तसा प्रयत्न करण्यात वेळ घालवू नका. पडद्याचा पिवळा आणि मिठाचा पिवळा शेजारी ठेवले तर नुसत्या डोळ्याला फरक फारसा कळत नाही, खोक्यात त्यांच्यात काहीच साम्य उरत नाही.

सूर्यासाठी एक नियम मोडायचा नाही: चीर सूर्याकडे कधीही वळवायची नाही. लेसरकडेही नाही. उन्हात ठेवलेला पांढरा कागद किंवा उजळ ढग पुरेसा असतो. चीर थोडी आणखी अरुंद करा. दुहेरीऐवजी एकाच कागदाच्या जाडीची चालेल. सलग रंगपट्ट्यात बारीक काळ्या उभ्या रेघा शोधा: ४८६ वर हायड्रोजनची (९.६ सेंमी), ५१७ जवळ मॅग्नेशियमची (१०.२ सेंमी) आणि ५८९ वर सोडियमची. मिठाच्या ज्योतीत जिथे पिवळी रेषा उजळली, नेमक्या त्याच जागी सूर्याच्या वर्णपटात अंधार असतो. विल्यम वोलास्टनने अशा रेघा १८०२ मध्ये पाहिल्या, योझेफ फ्राउनहोफरने १८१४ पासून त्या शेकड्यांनी नोंदवल्या, आणि १८५९ मध्ये गुस्ताफ किरखॉफने कारण सांगितले: सूर्याच्या बाहेरच्या, तुलनेने थंड थरातले सोडियम आपलाच रंग गाळून घेते. या रेघा पहिल्याच प्रयत्नात दिसत नाहीत. डोळ्याला दोन मिनिटे अंधाराची सवय होऊ द्या आणि डोक्यावरून काळे कापड घ्या.

वेळ उरला तर गडद हिरवी पाने चुरगळून थोड्या स्पिरिटमध्ये अर्धा तास ठेवा, पण ज्योतीपासून दूर. ते गाळून काचेच्या बाटलीत भरा आणि बाटली तारेचा बल्ब व चीर यांच्यामध्ये धरा. ६६० च्या आसपासचा लाल पट्टा नाहीसा होतो, निळाही गिळला जातो आणि हिरवा पार होतो.

बिघडले तर

वर्णपट वर-खाली पसरलेला दिसला तर तुकडा ९० अंशांत फिरवा, कारण वाटा आडव्या बसल्या आहेत. रंगांवरून आडव्या काळ्या रेघा जात असतील तर चिरेत धूळ आहे. कोरा कागद फटीतून एकदा वर-खाली फिरवला की ती जाते. सगळे धुरकट दिसत असेल तर खोके अंधाऱ्या खोलीत नेऊन आत टॉर्च ठेवा आणि बाहेरून बघा. जिथून उजेड गळतो तिथे काळी पट्टी लावा. लाल टोक फिके असेल तर रंगद्रव्य उरले आहे, तुकडा काढून पुन्हा स्पिरिटने पुसा. रेषा एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला बारीक दिसत असतील तर चिरेच्या दोन धारा समांतर नाहीत. ती सैल करून पुन्हा कागद घालून बसवावी लागेल, दुसरा उपाय नाही.

फोटो काढायचा असेल तर मोबाइलची लेन्स तुकड्याला टेकवा आणि मोबाइल उजवीकडे २० अंश वळवा. फोकस व एक्सपोजर एखाद्या ठळक रेषेवर कुलूपबंद करा. रेषांच्या जागांसाठी फोटो विश्वासार्ह, रंगांसाठी नाही. कॅमेरा स्वतः तीनच रंगांत मोजतो, त्यामुळे सोडियमची पिवळी रेषा त्यात कधी नारिंगी तर कधी चक्क पांढरी येते.